मॅलार्ड : विक्रम आणि वितळलेलं बेअरिंग

३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमध्ये ग्रँथमच्या दक्षिणेला, स्टोकच्या उतारावर मॅलार्ड या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनांत हा विक्रम आजही अबाधित आहे. मागे सहा डबे आणि वेग नोंदवणारी डायनामोमीटर गाडी, मिळून सुमारे २४० टन. ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे. १२६ हा आकडा क्षणभराचा. रचनाकार सर नायजेल ग्रेस्ली स्वतः १२५च मानत. जर्मनीच्या ०५ ००२ या वाफेच्या इंजिनाने १९३६ मध्ये २००.४ किलोमीटर गाठले होते, तेही सपाट मार्गावर, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं.

सगळे कौतुक करतात ते बाहेरच्या निमुळत्या आकाराचं. माझ्या मते खरं श्रेय धुरांड्याला आहे. पिस्टनने फिरणाऱ्या मोठ्या (चालक) चाकाचा व्यास २.०३ मीटर; त्या वेगाला ते सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेतं. वापरलेली वाफ धुरांड्यातून तितक्याच झपाट्याने बाहेर पडली नाही, तर ती पिस्टनलाच अडवते. मॅलार्डला जन्मापासून किलचॅप पद्धतीचं, वाफ झपाट्याने बाहेर काढणारं दुहेरी धुरांडं होतं. याच ए-४ वर्गातल्या बहुतेक इंजिनांना ते १९५७-५८ मध्ये मिळालं.

दुखणं होतं मधल्या सिलिंडरचं. बाहेरच्या दोन सिलिंडरांना स्वतंत्र व्हॉल्व्ह गिअर (वाफ आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा), पण मधला व्हॉल्व्ह त्या दोघांना जोडलेल्या २:१ तरफेवर चालायचा. तरफेच्या पिना झिजल्या की सगळा ढिलेपणा मधल्या व्हॉल्व्हवर साचतो. वेग वाढला की तो व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा जास्त सरकतो, मधला सिलिंडर जास्त वाफ घेतो आणि त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग तापतं. हा धोका आधीच माहीत होता, म्हणून तिथे बडीशेपेच्या उग्र वासाच्या तेलाची कुपी बसवलेली होती: बेअरिंग तापलं की कुपी फुटणार आणि वास येणार. विक्रमानंतर नेमकं तेच बेअरिंग गेलं, आतला व्हाइट मेटल (बेअरिंगच्या अस्तराचा मऊ मिश्रधातू) वितळला. मॅलार्ड हळूहळू पीटरबरोपर्यंत आलं आणि पुढे लंडनपर्यंत गाडी दुसऱ्या इंजिनाने ओढली. १९५० च्या दशकात डॉनकास्टर कारखान्यात इंजिनांचे सांगाडे दुर्बिणीच्या उपकरणांनी अचूक जुळवले जाऊ लागले, बेअरिंगची रचनाही बदलली; तेव्हा कुठे हा त्रास ओसरला.

एप्रिल १९६३ मध्ये मॅलार्ड सेवेतून निघालं ते थेट जतनासाठी. पुन्हा गार्टर निळा रंग चढला. चाकांवरची पत्र्याची झाकणं महायुद्धाच्या काळात काढून टाकली होती, कारण तेल घालायला आणि तपासणीला ती आड यायची. तीही परत बसली. मात्र मूळचं सगळंच टिकलं असं नाही. कारखान्यात बॉयलर अदलाबदलीने बसत, पंचवीस वर्षांत या इंजिनाने बारा बॉयलर पाहिले.

१९८६ ते १९८८ ते पुन्हा वाफेवर धावलं, त्यानंतर यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ते थंडच आहे. पुन्हा चालवायचं तर बॉयलरच्या नळ्या काढणं, तांब्याच्या फायरबॉक्सचे (आग पेटते त्या पेटीचे) झिजलेले भाग आणि तिला बॉयलरच्या कवचाशी जोडणारे स्टे बदलणं, बेअरिंगं नव्याने ओतणं, इतकं सगळं आलं. दर वेळी थोडा जुना धातू जातो. ए-४ वर्गातली सहा इंजिनं उरली आहेत, आणि धावण्याचं काम सर नायजेल ग्रेस्ली या नावाचं इंजिन उत्तम करतं. मॅलार्ड उभंच राहू द्यावं.