जखम दाखवणारा संत

रोग बरे करणाऱ्या संतांच्या चित्रांत संत बहुधा धडधाकट असतो आणि रोगी त्याच्या पायाशी असतात. प्लेगपासून रक्षण करणारा म्हणून युरोपभर पुजला गेलेला संत रॉक मात्र स्वतःच रोगी म्हणून उभा राहतो. हा फ्रान्समधल्या माँपेलिए गावचा, चौदाव्या शतकातला यात्रेकरू. आख्यायिका अशी, की इटलीत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता पिआचेंझा येथे त्यालाच लागण झाली, तो रानात जाऊन राहिला आणि एक कुत्रा त्याला पाव आणून देऊ लागला. म्हणून चित्रांत काठी, झोळी, तोंडात पाव धरलेला कुत्रा आणि वस्त्र बाजूला सारून उघडी केलेली मांडी, एवढ्यावरून तो ओळखू येतो. प्लेगची गाठ बहुतेकदा जांघेत येते. पण वेदीवर लावायच्या चित्रात ती तिथे दाखवणे अशोभनीय, म्हणून चित्रकारांनी ती मांडीवर उतरवली. त्याच्या शेजारी अनेकदा बाणांनी विंधलेला संत सेबास्टियन असतो. त्याच्या अंगातले बाण हे रोगाचे रूपक, तर रॉकच्या मांडीवर रोगच.

न्यूरेंबर्गच्या फाइट श्टॉसने लिंडनच्या लाकडात कोरलेला रॉक फ्लॉरेन्सच्या सांतिसिमा अनुंत्सियाता चर्चमध्ये आहे. त्यावर रंग चढवलेला नाही, त्यामुळे आतून पोखरून पातळ केलेल्या वस्त्राची एकेक चुणी छायाप्रकाशातच उठून दिसते. इतक्या डौलदार घोळातून नजर अखेर पोचते ती जखमेकडे निर्देश करणाऱ्या हातापाशी. सोळाव्या शतकातला कलावंतांचा चरित्रकार वासारी याने या मूर्तीची तोंडभरून स्तुती केली, मात्र शिल्पकार फ्रेंच ठरवून टाकला!

व्हेनिसमध्ये रॉकच्या नावाचा धर्मबंधुसंघ, म्हणजे सामान्य भक्तांची संघटना, 1478 साली स्थापन झाला आणि 1485 साली रॉकच्या देहाचे अवशेष तिथे आणले गेले. त्या संघाशेजारच्या चर्चसाठी टिंटोरेट्टोने 1549 मध्ये काढलेल्या चित्रात तो अंधाऱ्या रुग्णालयात, अर्धनग्न रोग्यांच्या गर्दीत वावरतो. इथे तो बरे करणारा आहे, तरी रोग्यांपासून हातभरही दूर नाही. मला हे चित्र सर्वांत प्रामाणिक वाटते.

पुढे हे अंतर वाढत गेले. बेल्जियममधल्या आल्स्टच्या चर्चसाठी रुबेन्सने काढलेल्या वेदीचित्रात ख्रिस्त रॉकला प्लेगग्रस्तांचा रक्षक नेमतो. रॉक वर, पायऱ्यांवर, आणि रोगी खाली. रचना भव्य आहे, पण एखाद्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा समारंभ पाहावा तसे वाटते. 1720 च्या प्लेगने होरपळलेल्या मार्सेय शहरासाठी दाव्हिदने 1780 मध्ये काढलेल्या चित्रात रॉक गुडघे टेकून ख्रिस्ताची आई मारिया हिची विनवणी करतो, त्याचे डोळे तिच्याकडे लागलेले असतात, आणि खाली पडलेला करड्या अंगाचा धिप्पाड रोगी थेट प्रेक्षकाकडे रोखून पाहतो. चित्राचे नाव संताचे असले, तरी त्यातली सगळी ताकद या रोग्याकडे आहे.