'प्रगती समाधानकारक' म्हणजे नेमकी किती?

सलग तीन सत्रं माझ्या लेकीच्या आयईपीच्या, म्हणजे शाळेने खास तिच्यासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, कागदावर एकच शब्द आला. वाचन: समाधानकारक. गणित: समाधानकारक. स्वावलंबन: समाधानकारक. चौथ्या वेळी तोच कागद पुढे आला तेव्हा मी सही न करता परत दिला. आजही तो कागद आठवला की डोकं तापतं.

लेक नऊ वर्षांची आहे, तिला बौद्धिक अक्षमता आहे. सुरुवातीच्या चाचण्या, कानांची आणि डोळ्यांची तपासणी, स्पीच थेरपिस्टचा अहवाल हे सगळं वेळेत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फक्त सगळ्या अहवालांच्या झेरॉक्स पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावा. मला ते दोन वर्षांनी सुचलं आणि तोवर दोन कागद हरवले होते.

अडलं ते पुढे. आराखड्यात वाचनाचं ध्येय लिहिलं होतं, 'वाचन कौशल्यात सुधारणा होईल.' आज ती कुठे आहे, किती सुधारणा, कधीपर्यंत, ती कशी मोजायची, यातलं काहीच नाही. समोर तीन चौकटी: उत्तम, समाधानकारक, प्रयत्नांची गरज. दर सत्राला मधल्या चौकटीत खूण व्हायची.

मी समन्वयक मॅडमना विचारलं, "मॅडम, समाधानकारक म्हणजे किती? गेल्या सत्रात येत नव्हतं असं आता काय येतं?" त्या म्हणाल्या, "छान चाललंय तिचं, तुम्ही काळजी करू नका." पुन्हा विचारलं तर उत्तर आलं, "फॉर्म ठरलेला आहे, आम्हाला बदलता येत नाही." बैठक मागितली. आधी परीक्षा होऊ देत, मग पेपर तपासून होऊ देत, मग सुट्टी लागली. अकरा आठवडे गेले. वाट बघायची मला सवय आहे, अशा मुलांच्या सगळ्याच आईवडिलांना असते. पण त्या अकरा आठवड्यांत तिला रोज शिकवलं जात होतं आणि त्या शिकवण्याचा उपयोग होतोय की नाही हे एकालाही सांगता येत नव्हतं. पद्धत चुकत असेल, तर चुकीच्या पद्धतीने अकरा आठवडे. हे मला फार लागलं.

त्यातच कुणीतरी सुचवलं, "बुद्ध्यंकाची चाचणी पुन्हा करून घ्या, प्रगती कळेल." तसं करू नका. त्या चाचणीत मुलाची तुलना त्याच्या वयाच्या इतर मुलांशी होते. आपलं मूल पुढे गेलं आणि बाकीची मुलं त्याहून वेगाने गेली, तर मूल शिकत असूनही आकडा तिथेच राहतो, कधी खालीही येतो. शिवाय थोड्या थोड्या दिवसांनी तीच चाचणी घेतली तर प्रश्नांची ओळख होते आणि निकालावर भरवसा राहत नाही. मुलाला कसली मदत लागेल हे ठरवायला ती चाचणी लागते. दर महिन्याची वाटचाल तिच्यातून कळत नाही.

अखेर बैठक झाली. मी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा विशेष शिक्षिका असलेल्या बाईंनी पर्समधून एक वही काढली. लेकीने कोणत्या दिवशी कोणते शब्द वाचले, कुठे अडली, सगळं त्यांच्या अक्षरात होतं. दीड वर्षाच्या नोंदी! फॉर्ममध्ये त्यांना जागाच नव्हती, म्हणून त्या कुणापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. माझा राग कधीच बाईंवर नव्हता, पण त्या दिवशी त्यांच्यासाठीही मला वाईट वाटलं.

बैठकीची मागणी तोंडी करू नका, हे इथेच सांगते. मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, त्यानंतर आठवड्याभरात तारीख मिळाली.

पुढचं काम बाईंनी आणि मी मिळून केलं. एकसारख्या अवघडपणाचे, तिने आधी न वाचलेले तीन उतारे. प्रत्येक एक मिनिट वाचायचा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. आकडे आले ११, १४ आणि १९. मधला धरायचा, म्हणजे १४. ही तिची आधाररेषा, म्हणजे जिथून मोजायला सुरुवात करायची तो आकडा. वीस आठवड्यांत ३४ हे ध्येय ठरलं, म्हणजे आठवड्याला एक शब्द. आलेखाच्या कागदावर १४ पासून ३४ पर्यंत सरळ रेघ ओढली आणि दर शुक्रवारी तिचा ठिपका. ही पद्धत १९७० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात स्टॅनली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशेष शिक्षणाच्या शिक्षकांसाठीच तयार केली. एक घड्याळ आणि एक पेन्सिल एवढंच लागतं.

उतारे निवडताना जोडाक्षरं मोजा. आमच्या एका उताऱ्यात ती जास्त निघाली, त्या आठवड्याचा ठिपका एकदम खाली गेला आणि मी रात्रभर उगाच रडले.

स्वावलंबनासाठी शब्द मोजून चालत नाही. तिथे बटण लावण्याचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यापुढे मदत किती लागली ते लिहिलं: हात धरून, खुणेने, सांगून, की आपलं आपण. जून महिन्यात तिचा हात धरावा लागत होता. सप्टेंबरमध्ये नुसतं बोट दाखवलं की पुरत होतं. तीन चौकटींच्या फॉर्मवर हे दोन्ही महिने 'समाधानकारक'च ठरले असते.

सातव्या आठवड्यापासून सलग चार ठिपके रेघेच्या खाली पडले. सलग चार खाली आले की शिकवण्याची पद्धत बदलायची, असा नियम आम्ही आधीच ठरवला होता. बाईंनी अख्खे शब्द पाठ करून घेणं थांबवलं, मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या करून शिकवायला घेतल्या, रोज दहा मिनिटं. तीन आठवड्यांनी ठिपके वर सरकू लागले. जुन्या फॉर्मवर हे आम्हाला सत्र संपेपर्यंत समजलं नसतं, कदाचित नंतरही नाही.

वीस आठवड्यांनी ती ३१ वर आली. ध्येयाला तीन शब्द कमी पडले, पण मला त्या ३१ चा फार अभिमान वाटतो.

फॉर्म बदललेला नाही. या सत्रातही 'समाधानकारक'वर खूण आहे. या वेळी त्याच्या मागे आलेखाचा कागद पिन लावून जोडलेला होता, त्यावर बाईंची सही होती. मी त्याच्या खाली माझी केली.