मॅडमच्या निरोप समारंभात लाल पेन्सिलीचं प्रदर्शन

आमच्या मॅडम आर्किटेक्चर शिकवून निवृत्त होत होत्या. शाल, श्रीफळ, मानपत्र हे ठरलेलंच. पण त्यांचं शिकवणं दिसतं ते विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंग शीटवर ठेवलेल्या बटर पेपरवर (खालचं दिसणारा पातळ ट्रेसिंग कागद), लाल पेन्सिलीत. म्हणून नागपुरातल्या समारंभात त्याच कागदांचं प्रदर्शन लावलं.

बॅचच्या ग्रुपवर नुसतं 'शीट्स आणा' लिहिलं की लोक सबमिशनच्या स्वच्छ शीट्स काढतात. 'मॅडमनी खोडलेलं आणा' म्हटल्यावर खरा ठेवा आला. एका जिन्याच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, त्यांनी चढणारा माणूस काढलाय, कपाळ बीमला टेकलेलं. हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची, 2.2 मीटर हवी, हे लिहिलेलंच नाही. दुसऱ्या प्लॅनवर बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीला बाण आणि शेजारी 'मे महिना, दुपारी चार'. नागपूरकराला एवढं पुरतं.

वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला बटर पेपर ठिसूळ होतो. उलटा गुंडाळून सरळ करायला गेलं की कडेला चिरतो, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तर लगेच. इस्त्री अजिबात नको. दोन कोऱ्या कार्ट्रिज शीट्समध्ये (जाड ड्रॉइंग पेपर) घालून वर ड्रॉइंग बोर्ड ठेवा, दोन-तीन दिवस. जुनी सेलोटेप ओढू नका, कागदही सोबत निघतो.

भिंतीवर लावायच्या प्रिंटसाठी आधी स्कॅन लागतो. रोलरच्या स्कॅनरमध्ये असा कागद अडकून फाटतो. पारदर्शक फिल्मच्या पाकिटात घालूनच द्या. स्कॅन रंगीत, 300 डीपीआय. ए1 शीटची (594 × 841 मिमी) फाईल कॉम्प्रेस न करता सुमारे 200 एमबी होते, तेव्हा पेन ड्राइव्ह न्या. दुकानदार सवयीनं ब्लॅक अँड व्हाइट करतो. मग मॅडमची लाल रेघ आणि मुलाची पेन्सिल वेगळी ओळखूच येत नाही. प्रिंटला 'फिट टू पेज' बंद. 1:100 च्या प्लॅनमधली 5 मीटरची भिंत 5 सेंटीमीटर येते का, ते स्केलपट्टी लावून तिथेच बघा.

प्रिंट 5 मिमी सनबोर्डवर (हलका फोमचा बोर्ड) चिकटवा. नुसत्या डबल टेपवर भिंतीला लावलेले बोर्ड उकाड्यात रात्रीतून खाली येतात. नायलॉन दोरीनं टांगा, बोर्डाचा मध्य जमिनीपासून 150 सेंटीमीटरवर. मूळ कागद टेबलावर अ‍ॅक्रिलिकखाली, उन्हापासून लांब.

मानपत्रात 'ज्ञानदानाचा वसा' वगैरे काढून तो जिना आणि ती खिडकी घातली. दीड मिनिटात वाचून होईल एवढंच ठेवा.

प्रदर्शन समारंभाच्या तासभर आधी उघडा. हारतुरे सुरू झाले की मॅडमना शीटजवळ जायला मिळत नाही. आणि टेबलाशी एक खुर्ची हवीच, मूळ कागद त्या बसून, जवळून बघतात.