धाकट्याचं ॲडमिशन आणि टीपीएची क्वेरी

सोयाबीन काढणीचे दिवस. धाकटा पुण्याच्या कंपनीचं काम अहमदपूरला घरूनच करतो. त्याची झोप पार उडाली, बोलणं थांबेना, आणि एका रात्री दोन वाजता त्यानं शोरूमवाल्याला उठवून तीन ट्रॅक्टर बुक केले. आमची जमीन पाच एकर कोरडवाहू.

सकाळी तो अंगावर धावून यायला लागला. भावजयीनं टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावला. तिकडून मराठीतच सांगितलं, थांबू नका, जवळचा दवाखाना गाठा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तरी ड्युटीवरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन १०८ नं लातूरला पाठवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९४ व्या कलमात हे बसतं. रुग्णाच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल, तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. विजेचा शॉक मात्र त्यात देता येत नाही. आईचं रडणं त्या शॉकच्याच धास्तीनं चाललं होतं. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर ती जरा सावरली.

लातूरच्या खासगी हॉस्पिटलात दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साथ देणारं माणूस, म्हणून भावजयीची सही घेतली आणि भरती केलं. खरी कसरत इन्शुरन्सच्या काउंटरवर.

"मेंटल केस कॅशलेसमध्ये बसत नाही, दादा. डिपॉझिट भरा." काउंटरवरच्या पोरीनं कार्डही नीट पाहिलं नाही. भांडून उपयोग नव्हता. मी धाकट्याच्या कंपनीच्या एचआरकडून त्याची पूर्ण पॉलिसी व्हॉट्सॲपवर मागवली, नुसतं ई-कार्ड नाही. वगळलेल्या आजारांच्या यादीत मानसिक आजार नव्हता. असायलाही नको, कारण याच कायद्याचं २१ वं कलम विमा कंपन्यांना सांगतं की शारीरिक आजाराला जसं संरक्षण देता तसंच मानसिक आजारालाही द्या. ते पान दाखवल्यावर फॉर्म पुढे गेला.

मग टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली: भरती करण्याची गरज काय होती? ओपीडीत गोळ्यांवर का भागलं नाही?

प्रश्न चीड आणणारा आहे, पण उत्तर कागदावरच द्यावं लागतं. पहिल्या कागदावर नुसतं 'बायपोलर, मॅनिया' (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार, त्यातला चढाचा टप्पा) असं होतं. डॉक्टरांनी नवं पत्र दिलं: झोप नाही, जेवण नाही, गोळ्या थुंकतो, घरच्यांवर धावून जातो, इंजेक्शन आणि चोवीस तास देखरेख लागते, घरी ठेवणं धोक्याचं. तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी जोडली, तिच्यावर इंजेक्शनची वेळ होती. माझ्या मते मंजुरी आणली ती या चिठ्ठीनं. संध्याकाळी कॅशलेस आलं. नसतं आलं तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं, असं ठरवून ठेवलं होतं. तिथं फी लागत नाही.

डिस्चार्जला रूमभाड्यातला फरक आणि हातमोजे-डायपरसारखं किरकोळ सामान आमच्या अंगावर पडलं. आता लिथियम हे औषध चालू आहे. त्याची रक्तातली पातळी बघायला अधूनमधून रक्त द्यावं लागतं. ते बिल ओपीडीत मोडतं आणि आमच्या पॉलिसीत ओपीडी नाही, म्हणून तो खर्च खिशातून चाललाय.