खालची बस

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता मी टेप घेऊन नागपुरातल्या मानेवाड्याच्या बस थांब्यावर उभा होतो. त्या वेळी गर्दी नसते, चालकाला दोन मिनिटं थांबा म्हणता येतं. बस आली, इलेक्ट्रिक मिडी, म्हणजे नेहमीच्या बसपेक्षा लहान. चालक तरुण मुलगा होता. म्हटलं, भाऊ, पायरीची उंची मोजू दे, मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकवतो. "मोजा नं सर, काऊन नाही!" म्हणाला आणि स्वतःच टेपचं दुसरं टोक धरायला खाली उतरला.

रस्त्यापासून पहिली पायरी साडेचौदा इंच. तिथून आतली फरशी अकरा इंच. एकूण साडेपंचवीस, म्हणजे जवळपास ६५० मिलिमीटर. घरी येऊन आमच्या जिन्याची पायरी मोजली. साडेसहा इंच. त्या जिन्यावरही आई एक पाय वर ठेवते, कठड्याला धरून दुसरा पाय त्याच पायरीवर आणते, जरा थांबते आणि मग पुढची पायरी घेते.

आई ७१ वर्षांची आहे. अंगणवाडीत मदतनीस होती, आयुष्यभर शहर बसनेच फिरली. नागपुरात शहर बस एसटी महामंडळच चालवायचं, तेव्हापासूनची तिची सवय. बर्डीला जायचं तर बस, महालात बहिणीकडे जायचं तर बस. २०११ मध्ये एकदा ती चढत असताना तिचा दुसरा पाय वर यायच्या आत बस हलली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. त्या बसला तीन पायऱ्या होत्या आणि दाराचा दांडा एका बाजूने निखळलेला होता. चालकाला आरशात ती दिसली नसेल, असं आई आजही म्हणते. तिने कोणाला दोष दिला नाही. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक बसची पायरी बघतो.

या पायऱ्या आल्या कुठून, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवतो. आपल्याकडची जुनी बस म्हणजे मुळात ट्रकची चेसिस, खालचा सांगाडा. दोन लांब पोलादी पट्ट्या, खाली कमानपाटे, पुढे चालकाच्या शेजारी इंजिन, तिथून मागच्या चाकापर्यंत ताकद नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागच्या दोन चाकांच्या मध्ये ती ताकद वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा. हे सगळं खाली मांडून झाल्यावर त्याच्या वर माणसांसाठी फरशी टाकायची. ती जमिनीपासून हजार-अकराशे मिलिमीटरवर जाते, साडेतीन फूट. ट्रकला ही उंची सोयीची असते. गोणी फलाटावरून सरळ आत ढकलता येतात. माणूस रस्त्यावरून चढतो, म्हणून मग तीन पायऱ्या.

फरशी खाली आणायची तर इंजिन उचलून मागे न्यावं लागतं. मग शाफ्ट आखूड होतो, मधली जागा मोकळी होते. पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, मध्यभागी खाली वाकवायचा, मागे पोर्टल अ‍ॅक्सल बसवायचा, ज्यात अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यरेषेच्या खालून जातो आणि टोकाला गिअर लावून ताकद वर चाकापर्यंत पोहोचवतात. कमानपाट्यांच्या जागी हवेचे बेलोज, म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्या. जर्मनीत १९८० च्या दशकाच्या शेवटी अशा बस मोठ्या संख्येने रस्त्यावर येऊ लागल्या. आपल्याकडे २००८ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहर बससाठी मापदंड काढले. त्यात फरशीची जमिनीपासूनची उंची लो-फ्लोअर म्हणजे ४०० मिलिमीटर आणि सेमी लो-फ्लोअर म्हणजे ६५० मिलिमीटर असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे राष्ट्रकुल स्पर्धांच्या आसपास दिल्लीत हजारोंनी लो-फ्लोअर सीएनजी बस आल्या.

पण डिझेलच्या लो-फ्लोअर बसला मागचं इंजिन नडतंच. मागची चार-पाच बाकं त्या इंजिनावर ओट्यासारखी चढवावी लागतात. फरशी पुढच्या दारापासून मधल्या दारापर्यंत सपाट, मग पुन्हा आत पायऱ्या. मागच्या चाकांनी उडवलेली सगळी धूळ रेडिएटरवर जाऊन बसते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसच्या वर असताना, धुळीने बुजलेल्या रेडिएटरचं काय होतं ते मी हातांनी साफ करून पाहिलं आहे. शेवटच्या बाकावर बसणाऱ्याच्या पोटऱ्या भाजतात, हे प्रवाशांनाही माहीत आहे.

मध्ये आपल्या शहराने आणखी एक प्रयोग पाहिला, तो लोक विसरले याचं मला वाईट वाटतं. ऑगस्ट २०१४ मध्ये इथे इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली, स्कॅनियाची. पेट्रोलच्या गाडीत इथेनॉल मिसळतात तसं ते नव्हतं. ते डिझेलसारखंच दाबाने पेट घेणारं इंजिन होतं, दाबाचं प्रमाण २८ ला १, आणि इंधनात ९५ टक्के इथेनॉल, बाकी पेट घ्यायला मदत करणारी रसायनं. मी पोरांना घेऊन गेलो होतो ती बघायला. एक्झॉस्टजवळ उभं राहूनही डोळे चुरचुरले नाहीत. काही वर्षांत ती सेवा थांबली. पण धूर नसलेली बस नागपूरकरांनी आधी तिच्यात बसून अनुभवली.

मग बॅटरी आली. बंगळुरूला २०१४ मध्येच चिनी बनावटीच्या इलेक्ट्रिक बसची चाचणी झाली होती. तिकडे चीनच्या शेनझेनने २०१७ संपेपर्यंत शहरातल्या सगळ्या, म्हणजे १६ हजारांवर बस इलेक्ट्रिक केल्या. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात आल्या. नागपुरात महिलांसाठीच्या तेजस्विनी बस निघाल्या त्या इलेक्ट्रिकच.

हिशेब फळ्यावर मांडला की पोरं गप्प होतात. शहरात डिझेल बस लिटरला तीन-चार किलोमीटर जाते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. म्हणजे किलोमीटरला अडीच ते सव्वातीन युनिट, आणि त्यातली बरीचशी नुसती गरम हवा होऊन जाते. बारा मीटरची इलेक्ट्रिक बस तेच अंतर एक-सव्वा युनिटमध्ये कापते, एसी लावला की थोडी जास्त. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होते आणि काही वीज बॅटरीत परत जाते. व्हरायटी चौकातून झिरो माइलकडे रेंगाळत जाणाऱ्या बसला याहून चांगलं यंत्र मी सांगू शकत नाही. "सर, मग आपण डिझेल शिकून काय करू?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो. मी त्यांना नारिंगी केबलचा तुकडा दाखवतो. पाचशे-सहाशे व्होल्ट डीसी. नारिंगी दिसली की बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्याशिवाय, इन्सुलेटेड हातमोजे घातल्याशिवाय बोटही लावायचं नाही. ब्रेक, स्टिअरिंग, बेलोज, कंप्रेसर तेच आहेत, ते शिका, आणि हे नवीन त्यावर शिका.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इलेक्ट्रिक झाल्यावर फरशी खाली यायला सगळ्यात मोठी अडचण दूर झाली. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, शाफ्टची गरज उरली नाही. मोटर थेट मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, चाकाजवळ बसवता येते. पण बॅटरी कुठे ठेवायची? तीनशे युनिटची बॅटरी साधारण दोन टन भरते. छतावर ठेवली तर फरशी मोकळी राहते, पण छत मजबूत करावं लागतं आणि नागपूरचं ऊन थेट तिच्या डोक्यावर. तिला थंड ठेवायला पाण्याची वेगळी यंत्रणा लागतेच. मागे ठेवली तर इंजिनाच्याच जागी पुन्हा ओटा. फरशीखाली ठेवली तर फरशी वर. लहान मिडी बसमध्ये जागाच कमी, म्हणून बरेचदा डिझेल बसचाच सांगाडा घेऊन त्यात मोटर आणि बॅटरी बसवलेली दिसते. उंची तीच राहते. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१९ पासून, बसचं अनुदानही पायरीवर नाही, बॅटरीच्या क्षमतेवर मोजलं जायचं, युनिटला २० हजार रुपये. धूर कमी झाला हे मोठंच काम झालं. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की इलेक्ट्रिक हा शब्द ऐकून आपण पायरीची गोष्ट सोडून देतो, आणि माझ्या आईसाठी बस पायरीपाशी सुरू होते.

आईला याचा फरक मुंबईत कळला. बहीण तिकडे असते. गेल्या वर्षी आम्ही सीएसएमटीला बेस्टच्या इलेक्ट्रिक डबलडेकरमध्ये बसलो. फेब्रुवारी २०२३ पासून धावते ती, खालचा मजला लो-फ्लोअर. मी नेहमीसारखा मागे उभा राहून तिच्या कोपराला हात लावायला गेलो, तोवर ती आत जाऊन उभी. वळून मला म्हणाली, "पायरी कोठी गेली रे हिची?" सीटवर बसेपर्यंत ती खाली बघत होती, फरशीकडे. तेव्हापासून लो-फ्लोअर बसला ती 'खालची' म्हणते. थांब्यावर उभी राहिली की विचारते, "खालची येते का रे आज?"

पण खालची बस आली तरी ती रस्त्यावर उभ्या माणसासाठी बनलेली नाही, हे कोणी सांगत नाही. ४०० मिलिमीटर म्हणजे जवळपास सोळा इंच. रस्त्यावरून ते गुडघ्याला जडच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे सहा इंच. त्या कडेवर उभं राहिलं तर उरले दहा. दाराच्या बाजूच्या बेलोजमधली हवा सोडून बस झुकवली की आणखी अडीच-तीन इंच कमी. उरले सात-साडेसात. आमच्या जिन्याच्या जवळ आलं! चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प टाकायचा तोही तेव्हाच चढण्याजोगा होतो. हे सगळं गणित बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तरच जमतं.

तुकडोजी पुतळ्याजवळच्या थांब्यावर मी त्याच रविवारी हेही मोजलं. बस आणि फुटपाथ यांच्यात चार फूट अंतर. मध्ये दोन ऑटो आणि एक फळाची गाडी. माणसं त्या फटीतून रस्त्यावर उतरून, तिथून चढत होती, म्हणजे फुटपाथचे सहा इंच वाया. चालक मुलाला विचारलं तर तो कळवळून सांगायला लागला, "सर, आत घेतली तर समोरचा ऑटो निघत नाही, मागून हॉर्न मारून राहतात. वेळ पाळायची असते. जागा असली तर मी घेतोच नं." मला त्याचं पटलं. थांब्यापुढची वीस मीटर जागा मोकळी ठेवणं हे चालकाचं काम नाही. बस घेताना जेवढा विचार होतो त्याच्या निम्मा तरी विचार थांब्याच्या कडेचा व्हावा, असं पत्र मी संबंधित कार्यालयात मापांसकट देऊन आलो आहे. पोच घेतली आहे.

मंगळवारी आईला घेऊन मेडिकलला जायचं होतं, हाडांच्या ओपीडीला. तोच मुलगा बसवर होता. त्याने मला ओळखलं, आईकडे पाहिलं आणि बस हळूहळू फुटपाथच्या कडेला आणली, इतकी की टायर कडेला घासल्याचा आवाज आला. दार उघडून तो थांबला. आईने दांडा धरला, कडेवरून पाय उचलला. साडेचौदातून सहा गेले, साडेआठ इंच. माझा हात तिने धरला नाही. वर उभी राहिली, श्वास घेतला. मग आतली पायरी बघितली, अकरा इंच, आणि मागे न बघता हात माझ्याकडे केला.