तुम्ही विचारलंत म्हणून: सकाळी ओट्स खाऊ का?

"मॅडम, सकाळी ओट्स सुरू करू का?" आहाराचा सल्ला घ्यायला येणारे जळगावकर मला हमखास हे विचारतात. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे, भुसावळहून अप-डाऊन करणारे, शाळेतल्या शिक्षिका, सगळेच.

ओट्स वाईट नाहीत. पण मी आधी विचारते, घरात कळणा आहे का? तीन वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट अख्खे उडीद आणि मीठ, असं एकत्र दळून आणलेलं ते करडं पीठ. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ती उणीव उडीद भरून काढतो. 75 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून साधारण 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास लागतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा घेतला, तर ओट्सचं पाकीट आणायची गरजच काय?

खरी अडचण वेगळीच आहे. सकाळी गोड चहात बुडवून टोस्ट, मग दहाला टपरीवर कचोरी. पोटाला मैदा, साखर आणि तेल मिळतं, प्रथिनं जवळपास नाहीतच. पोह्यांवर माझा राग नाही. त्यात मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी घाला, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागतं. चहा मात्र तासाभरानं घ्या, तो लोह शोषू देत नाही.

पहाटे भूक नसेल तर बळंच खाऊ नका, डबा सोबत न्या आणि पहिल्या सुट्टीत उघडा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र उपाशीपोटी निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा डब्यात रात्रीचं भरीत नको, ते आंबतं. कोरडी चटणी टिकते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बायकांची. पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचे डबे भरायचे आणि स्वतः ओट्यापाशी उभ्यानंच चहा घ्यायचा. बायांनो, रात्री भाकरी टाकताना आपल्या नावाची एक जास्त टाका, आणि सकाळी ती बसून खा.

भाकरी थापता येत नाही म्हणून ओट्स, असंही काही नव्या सुना सांगतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे कळण्याची भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा कमी चिरते. पीठ कोमट पाण्यात भिजवा, चांगलं मळा. सुरुवातीला प्लास्टिकच्या कागदावर थापली तरी चालेल.