शहीद द्वीपावरचा मुक्काम: अंदमानला जाणाऱ्यांसाठी

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाची पावले आधी सेल्युलर जेलकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. सात इमारतींपैकी आज उभ्या असलेल्या तीन इमारती पाहणे आणि सावरकरांच्या कोठडीपुढे थोडा वेळ थांबणे हेच आमच्याही सहलीचे पहिले काम होते. त्यापुढचा बेत मात्र आम्ही नेहमीपेक्षा वेगळा आखला. सहल कंपन्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर म्हणजे आताचे श्री विजयपुरम, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, चुनखडीच्या गुहांसाठी दाखवले जाणारे बाराटांग आणि जाता जाता काही तासांसाठी नील म्हणजे शहीद द्वीप असे सगळे कोंबलेले असते. आम्ही बाराटांग पूर्णपणे वगळले (त्याचे कारण शेवटी सांगतो) आणि बहुतेक मुक्काम शहीद द्वीपावर ठेवला. एकाच लहान बेटावर राहिले की बोटींच्या फेऱ्या कमी होतात, पैसा गावातल्या घरांत आणि दुकानांत जातो, आणि त्या बेटाला काय झेपते व काय झेपत नाही हे पाहुण्याच्याही लक्षात येऊ लागते.

शहीद द्वीपावर सरकारी आणि खासगी अशा दोन्ही बोटी जातात. खासगी बोटी वेगवान आणि वातानुकूलित असतात. सरकारी बोट संथ चालते, पण तिचे तिकीट बरेच स्वस्त असते आणि भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या शेतकऱ्यांशी व घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यांशी तिथेच बोलणे होते. गर्दीच्या दिवसांत ही बोट स्थानिकांची गरज असते, हे ध्यानात ठेवून आपली तिकिटे आधी काढावीत आणि सामान आटोपशीर ठेवावे. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोहोचलेले असावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा, आणि त्यातही फेब्रुवारीनंतर समुद्र अधिक शांत असतो.

मात्र हाच कोरडा काळ बेटावरच्या पाण्याच्या दृष्टीने कठीण असतो, ही गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत तो जवळजवळ थांबतो, आणि पर्यटकांची गर्दी नेमकी तेव्हाच असते. लहान बेटावरचे गोडे पाणी म्हणजे तळ्यांत साठलेला आणि जमिनीत मुरलेला पाऊस. उपसा वाढला की किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते. आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. तिथे आंघोळीला बादली आणि तांब्या होता, आणि भाज्या धुतलेले पाणी यजमानीणबाई परसातल्या दुधी भोपळ्याच्या वेलाला घालीत. पोहण्याचा तलाव असलेले हॉटेल अशा बेटावर निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र चार पावलांवर असताना त्याची गरजही नाही. चादरी आणि टॉवेल रोज बदलू नका, असे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

बेटावरची बहुतेक कुटुंबे फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली लोकांची आहेत, आणि गावांची व किनाऱ्यांची नावे रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणातली आहेत. हे भाजी पिकवणारे बेट असून इथला माल पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. त्यामुळे जेवण गावात घेणे हाच उत्तम मार्ग आहे. भात, डाळ, लाल माठ, भोपळा आणि सकाळी आलेली मासळी एवढ्यावर आमचे उत्तम भागले. मासे खाणाऱ्यांनी सुरमई, टूना असे खुल्या समुद्रातले मासे मागावेत. प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खाणारा पोपटमासा मात्र मागू नये, कारण तो कमी झाला की शेवाळ प्रवाळावर पसरते. फिरायला सायकल पुरेशी आहे. रस्ता बराचसा सपाट आहे आणि सीतापूरचे टोक जेट्टीपासून जेमतेम पाच किलोमीटर आहे. सूर्य इथे पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी साडेपाचच्या आसपास मावळतो, म्हणून दिवस लवकर सुरू करावा आणि परतीसाठी विजेरी जवळ ठेवावी.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे आणि तिथे ओहोटीलाच जाता येते. सहलीच्या तारखा ठरवताना दिनदर्शिकेत तिथी पाहावी, कारण अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्र सर्वांत दूरपर्यंत ओसरतो; दिवसाची ओहोटी किती वाजता आहे हे यजमानांना विचारून घ्यावे. गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. आमच्या वाटाड्याने एका उथळ कुंडापाशी सर्वांना थांबवले आणि स्वतःच्या हाताची सावली पाण्यावर धरली, तशी आत रुतून बसलेल्या मोठ्या शिंपल्याची जांभळी, मखमली कड क्षणात आत ओढली गेली. शेजारच्या वाळूत एक समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी, स्वस्थ पडली होती. ती उचलून फोटो काढावा असा आग्रह दुसऱ्या गटातल्या काहींनी धरला, तेव्हा त्याने शांतपणे नकार दिला आणि पाय फक्त वाळूवर किंवा उघड्या खडकावर ठेवा, असे पुन्हा बजावले. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो सजीव असतो आणि त्याची वाढ अतिशय संथ असते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापल्यामुळे अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, आणि त्यातून सावरू पाहणाऱ्या प्रवाळावर पर्यटकांचे पाय पडणे हे सहज टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

स्नॉर्केलिंग किंवा डायव्हिंग करायचे असेल तर पैसे देण्यापूर्वी बोट कशी थांबवतात हे विचारावे. कायमच्या तरंगत्या बोयाला दोर बांधणारा व्यावसायिक निवडावा. प्रवाळावर नांगर टाकणारा आणि माशांना बिस्किटे घालणारा टाळावा. पाण्यात उतरणारे सनस्क्रीन अंगाला थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे केव्हाही चांगले. अंदमानच्या खाड्यांत आणि काही किनाऱ्यांवर मगरी आहेत, त्यामुळे सूचनाफलकाची मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये.

कचऱ्याच्या बाबतीत शासनाने घालून दिलेला चांगला नियम पाहायचा असेल तर पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरला जावे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर जाण्यापूर्वी पिशव्या तपासल्या जातात आणि एकदा वापरून टाकून द्यायचे प्लास्टिक तिथे नेता येत नाही. तोच नियम आम्ही पूर्ण सहलीला लावून घेतला: स्टीलच्या बाटल्या, कापडी पिशव्या आणि घरून नेलेल्या खाऊची सगळी वेष्टने परत मुंबईला. शंख, शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा उचलू नये. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते.

बाराटांग वगळण्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण त्यावर पुष्कळांनी आम्हाला विचारले. तिथे रस्त्याने जायचे तर जिरकाटांगच्या तपासणी नाक्यापासून वाहनांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. १९९७ च्या अखेरीपासून जारवा बाहेरच्या लोकांच्या संपर्कात येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या चारशेच्याही आत होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही वाहतूक चालू राहिली. फोटो काढणे, थांबणे आणि खाऊ देणे यांवर बंदी आहे, पण गाडीच्या काचेला नाक लावून माणसे शोधण्याची वृत्ती नियमाने थांबत नाही. चुनखडीच्या गुहा कितीही सुंदर असल्या तरी त्यांच्यासाठी पर्यटकांनी त्या जंगलातून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. मध्य आणि उत्तर अंदमान पाहायचेच असेल तर पोर्ट ब्लेअरहून सरकारी जहाजाने समुद्रमार्गे रंगत, मायाबंदर किंवा दिगलीपूरकडे जावे. या जहाजांचे वेळापत्रक बदलते, म्हणून त्याची चौकशी पोर्ट ब्लेअरला उतरल्या उतरल्या फिनिक्स बे जेट्टीवर करावी आणि बाकीचा कार्यक्रम त्यानंतर ठरवावा.